यात माझं नाव कुठाय?

मित्रमैत्रिणींनो, आधीच कबूल करून टाकते... मी कॉन्व्हेंटवाली! दहावीपर्यंत मराठीचं पुस्तक मी फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकबाईंनी जेव्हा मेसच्या रांगेत मला गाठून "तू लेख दे" असं फर्मान काढलं, तेव्हा माझ्या हातातली आमटीची वाटी थोडी हिंदकळली. इंग्लिश विभागात म्हणे आधीच भरपूर कविता आल्यात, त्यामुळे तिकडे 'हाउसफुल्ल'. तेव्हा गोड मानून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या रूम पार्टनरने काढल्यात. तरीही ज्या सापडतील त्या माझ्या.

विषय काय घ्यायचा हा प्रश्न नव्हता. गेल्या जानेवारीपासून एकच विषय डोक्यात बसलाय. फॉन्ट!

हसू नका. लेडीज हॉस्टेलमध्ये माझी ओळखच 'सर्टिफिकेटवाली' अशी आहे. गॅदरिंगची पत्रिका असो, क्विझचं प्रमाणपत्र असो, नाहीतर कोणाच्या ताईच्या साखरपुड्याचं कार्ड असो, रात्री अकरा वाजता दारावर टकटक होते आणि "अगं, जरा दोन मिनिटात करून दे ना" अशी विनवणी येते. (दोन मिनिटं म्हणजे रात्रीचे दीड.) आणि प्रत्येकीला हवा असतो तोच फॉन्ट... "तो गं, तो वळणावळणांचा! रॉयलवाला!"

तो रॉयलवाला म्हणजे एडवर्डियन स्क्रिप्ट. वर्डमध्ये फॉन्टची यादी उघडली की 'ई'मध्ये बसलेला असतो. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. इंग्लिश लग्नपत्रिकांवर नवरा-नवरीची नावं असतात ना, उजवीकडे झुकलेली, मोठ्या अक्षराच्या डोक्यावर पिसारा, शेपटीला गिरकी, एक अक्षर दुसऱ्याचा हात धरून चाललेलं... तोच किंवा त्याचा भाऊबंद. प्रमाणपत्रांवर, ट्रॉफीखालच्या पट्टीवर, मोठ्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर, अत्तराच्या बाटलीवर, जिथे जिथे "हे काहीतरी खास आहे" असं न बोलता सांगायचं असतं, तिथे ही मंडळी हजर.

मला तो आवडायचं कारण मात्र जुनं आहे. त्यासाठी थोडं फ्लॅशबॅक.

आमच्या शाळेत पहिलीपासून चाररेघी वही. वरची आणि खालची रेघ लाल, मधल्या दोन निळ्या. शब्द पूर्ण होईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. 'जी'ची शेपटी लाल रेघेला टेकलीच पाहिजे, पण ओलांडता कामा नये. ओलांडली की सिस्टर वहीवर लाल गोल करायच्या आणि ते पान पुन्हा. आमची आजी म्हणायची, "अगं, हा तर कित्ता गिरवणंच झालं की! आमच्या वेळी धूळपाटीवर असंच होतं." चौथीत मला हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस मिळालं. वळणदार कर्सिव्ह ही माझी एकमेव इस्टेट होती म्हणा ना!

ती इस्टेट इंजिनिअरिंगच्या पहिल्याच महिन्यात जप्त झाली. ड्रॉइंगच्या पहिल्या शीटवर मी टायटल ब्लॉक हौसेने कर्सिव्हमध्ये भरला. सरांनी शीट सगळ्या वर्गाला दाखवून विचारलं, "ही काय लग्नपत्रिका आहे का?" मग आयएस ९६०९ ची ओळख झाली. म्हणजे तांत्रिक ड्रॉइंगवर अक्षरं कशी असावीत याचं भारतीय मानक. एकसारख्या जाडीची रेघ, पिसारा नाही, शेपटी नाही. तिरकं लिहायचंच असेल तर आडव्या रेघेशी ७५ अंश. कारखान्यात तेलकट हातांनी, कमी उजेडात कोणीतरी ते ड्रॉइंग वाचणार आहे. त्याला ३ आणि ८ मध्ये गोंधळ झाला तर जॉब भंगारात. तेव्हा मला हे सगळं फार रुक्ष वाटलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटरवर एडवर्डियन स्क्रिप्ट भेटला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग सवयीप्रमाणे मी त्याची कुंडली काढली. (सबमिशन तोंडावर असलं की मला असले उद्योग नेमके सुचतात.) हा फॉन्ट एड बेंगिॲट या अमेरिकन अक्षरकाराने १९९४ साली आयटीसीसाठी तयार केला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चं लाल नाव ज्या फॉन्टमध्ये आहे ना, तोही यांचाच, आणि त्याला त्यांचंच आडनाव आहे. एकाच माणसाच्या हातून राजेशाही पत्रिका आणि भुताटकी दोन्ही! बेंगिॲट २०२० साली वारले.

पण फॉन्ट १९९४ चा असला तरी त्याचं वळण त्याच्या कितीतरी आधीचं आहे. इंग्लंडात अठराव्या शतकात व्यापारी पेढ्यांवरचे कारकून जे भरभर पण देखणं अक्षर काढायचे, त्याला राउंडहँड म्हणत. ते शिकवायला कित्त्यांची पुस्तकं निघाली. जॉर्ज बिकहॅम नावाच्या नक्षीकाराने वेगवेगळ्या अक्षरगुरूंचे नमुने तांब्याच्या पत्र्यावर कोरून १७३३ पासून हप्त्याहप्त्याने छापले. त्या 'युनिव्हर्सल पेनमन'चं नाव अक्षरवेडे आजही घेतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले म्हणून अशा अक्षराला पुढे कॉपरप्लेट नाव पडलं. आपल्याकडे ताम्रपट म्हटलं की राजाने दान दिलेली जमीन आठवते, त्यांच्याकडे अक्षर! माझ्या सिस्टरांची चाररेघी वही म्हणजे याच घराण्यातली साधी, अंगावर दागिने नसलेली पणती.

आता थोडा मेकॅनिकलचा फंडा. हातातल्या लेखणीचे ढोबळ दोन प्रकार. एक टोकदार लवचिक निब. खाली ओढताना दाबली की तिची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका केला की केसासारखी बारीक रेघ येते. म्हणजे जाडी ठरते दाबावर. दुसरी सपाट निब, आपल्या बोरूसारखी. तिच्यात जाडी ठरते कोनावर. एडवर्डियन स्क्रिप्ट हा पहिल्या निबेचा मुलगा. वर्डमधला दुसरा लाडका, मोनोटाइप कोर्सिव्हा, जो पॅट्रिशिया साँडर्स यांनी १९९१ साली केला, तो दुसऱ्या निबेचा. म्हणून कोर्सिव्हा ठाशीव दिसतो आणि एडवर्डियन नाजूक. कॉपरप्लेट लिहिणारे साधारण ५५ अंशाच्या तिरक्या रेघा आखून घेतात. आपल्या ड्रॉइंगच्या ७५ शेजारी हे ५५ ठेवून बघा, म्हणजे तो एवढा ऐटीत का रेलतो ते कळेल.

आणि कॉम्प्युटरमध्ये ना निब आहे, ना शाई. आहेत फक्त बिंदू आणि त्यातून जाणाऱ्या वक्ररेषा. कॅडच्या पेपरात पाठ करतो त्या बेझिए कर्व्ह. पिअर बेझिए हे रेनॉ या मोटार कंपनीतले इंजिनिअर. १९६० च्या दशकात गाडीच्या बॉडीची वळणं गणितात बसवायला त्यांनी या वक्ररेषा वापरल्या आणि आज लग्नपत्रिकेवरच्या नावाची गिरकी त्याच गणितावर चालते. हे वाचलं तेव्हा मला स्वतःच्या ब्रँचचा जाम अभिमान वाटला होता. असो.

आता मूळ गोष्ट.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक मामा होते. फिटिंग सेक्शनचे. पहिल्या वर्षाला प्रत्येकाच्या हातात कानस त्यांनीच दिलेली. पोरींनी हॅकसॉ धरला की बाकीचे हसायचे, मामा कधी हसले नाहीत. "घासताना हात समांतर ठेव बाळ, गोल फिरवू नको" एवढंच. जॉब झाला की गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड आला की जॉब परत. आला नाही की नंबर-पंच काढून जॉबवर आपला रोल नंबर ठोकायचे. एका आकड्याला एकच घाव. सगळे आकडे एका रेषेत. माझा नंबर ठोकताना मी एकदा म्हटलं होतं, "मामा, थोडं घाईत ठोकलं तरी चालेल की, कोण बघतंय?" मामा म्हणाले, "नंबर वाचता नाही आला, तर जॉब कोणाचा?"

मामा ३१ जानेवारीला निवृत्त झाले. ३३ वर्षांची नोकरी. निरोप समारंभाचं मानपत्र अर्थातच 'सर्टिफिकेटवाली'कडे आलं. मी म्हटलं, मामांसाठी सॉलिड काहीतरी करायचं. सोनेरी बॉर्डर निवडायलाच तीन तास घालवले. मजकूर इंग्लिशमध्ये, नऊ ओळी, सगळ्याच्या सगळ्या एडवर्डियन स्क्रिप्टमध्ये. ऑफिसातून मामांचं पूर्ण नाव आलं होतं, एक्सेलच्या यादीतून, सगळी कॅपिटल अक्षरं. मी ते तसंच कॉपी-पेस्ट केलं आणि अजून भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. फॉन्ट बदलू नये म्हणून पीडीएफ करून गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली. (एवढी अक्कल मात्र होती. नुसती वर्डची फाइल नेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, की भलताच फॉन्ट छापून येतो.) फ्रेम केली. फ्रेम लांबून इतकी देखणी दिसत होती की मी फोटो काढून घरी पाठवला.

समारंभात सरांनी मानपत्र वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी अडखळत गेल्या. मग मामांचं नाव आलं. सरांनी चष्मा वर केला. खाली केला. फ्रेम जरा लांब धरली. आणि म्हणाले, "...आपल्या सर्वांचे लाडके मामा!" टाळ्या पडल्या. सगळं हसण्यावारी निघून गेलं.

माझ्या पोटात मात्र गोळा आला. कारण माझ्या लक्षात आलं की मलाही मामांचं पूर्ण नाव त्या एक्सेलच्या यादीमुळेच कळलं होतं. तीन वर्षं आम्ही 'मामा, मामा' करत होतो. त्या हॉलमध्ये बसलेल्या कितीजणांना ते माहीत होतं कोण जाणे. त्या दिवशी ते नाव सगळ्यांसमोर मोठ्याने उच्चारलं जाणार होतं... आणि मी ते इतकं नटवलं होतं की कोणाला वाचताच आलं नाही.

चहाच्या वेळी मामांचा नातू फ्रेम घेऊन बसला होता. तिसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. बोट फिरवत बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, हे इंग्लिश नाहीये. हे ड्रॉइंग आहे." सगळे हसले. मामी पण हसल्या. मामा माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने म्हणाले, "बाळ, यात माझं नाव कुठाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "छान आहे हो. घरी जाऊन चष्मा लावून बघतो." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

त्या रात्री जेवण गेलं नाही. लॅपटॉप उघडून मी माझ्याच मानपत्राचा पंचनामा केला. एकेक लोचा दिसायला लागला. या फॉन्टमधलं प्रत्येक कॅपिटल अक्षर म्हणजे नवरदेव. पुढे एकटा घोड्यावर आणि मागून छोट्या अक्षरांची वरात, हीच त्याची रचना. मी सगळेच नवरदेव एका ओळीत उभे केले होते, पिसारे एकमेकांत अडकलेले. त्यातून या वळणात 'आय' आणि 'जे' जुळी भावंडं, 'टी' आणि 'एफ' चुलत. छोटी अक्षरं एकमेकांना जोडतात ती ठरावीक उंचीवर, ठरावीक अंतरावर. मी अंतर वाढवल्यावर हात सुटले आणि प्रत्येक अक्षर तुटक झालं. छोट्या अक्षरांचा आकारही मुळात लहान, त्यामुळे १४ पॉइंट घेऊनही ती मुंगीएवढी दिसत होती. आणि त्या केसासारख्या बारीक रेघा छपाईत चक्क गायब. म्हणजे फॉन्ट बिचारा बेकसूर. एखाद-दोन शब्दांसाठी घडवलेल्या नाजूक वस्तूला मी नऊ ओळींचं ओझं वाहायला लावलं होतं.

रूम पार्टनर (जिल्हा परिषदेच्या शाळेतली, अक्षर मोत्यासारखं) अंथरुणातून म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण मला सांग, मामांचं मानपत्र इंग्लिशमध्ये करायला तुला सांगितलं कोणी?"

मी म्हटलं, माझं मराठी कच्चं आहे म्हणून. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा जास्त लागतं. कारण खरं उत्तर वेगळंच होतं. मला वाटत होतं की इंग्लिशमध्ये, गिरक्या असलेल्या अक्षरात लिहिलं की मान मोठा होतो. साधं, वाचता येईल असं लिहिलं की कमी होतो. मामांचा मान वाढवायच्या नादात मी माझ्या चौथीतल्या बक्षिसाचाच मान वाढवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून सपाट निबेचं पेन आणि जाड कागद आणला. ठरवलं, हाताने लिहायचं. मराठीत. मजकूर पार्टनरने सांगितला. मी आधी 'सेवानिवृत्ती'ची दुसरी वेलांटी चुकवली, मग पहिली. पण खरी गंमत पुढे होती. इंग्लिशसाठी सपाट निब ज्या बाजूला कलती धरतात, देवनागरीसाठी ती त्याच्या उलट बाजूला कलती धरावी लागते. जाड रेघ तिकडे जिथे पडते, इकडे तिथे बारीक. पंधरा वर्षांचं वळण असलेला माझा हात पहिल्या संध्याकाळी ऐकेचना. 'म' लंगडा, 'क' रुसलेला. कागदांचा ढीग झाला. पार्टनर म्हणाली, "मोडीत म्हणे आधी कागदभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे. तसं करून बघ." ते जमलं! आधी शिरोरेघ, मग खाली अक्षरं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. आठ दिवसांनी एक कागद असा निघाला की पार्टनरने तो हातात घेऊन मामांचं नाव न अडखळता मोठ्याने वाचलं. मग मी शेजारच्या रूममधल्या मुलीला बोलावलं, जी मामांना ओळखतही नव्हती. तिनेही वाचलं. मग मी झोपले.

पंधरा दिवसांनी मामा पेन्शनच्या कागदांसाठी कॉलेजात आले, तेव्हा जुनी फ्रेम आठवणीने मागवून घेतली होती. वर्कशॉपच्या बाकावरच ती उघडून नवा कागद जुन्यावर बसवला. पाच ओळी. वर त्यांचं नाव, सगळ्यात मोठं. खाली त्यांनी काय काम केलं आणि किती वर्षं केलं. एडवर्डियन स्क्रिप्टलाही मी अगदीच वनवासात पाठवलं नाही. सर्वात खाली कॉलेजचं इंग्लिश नाव त्यात छापून घेतलं होतं, एकच ओळ, मोठ्या आकारात, पहिली अक्षरं कॅपिटल आणि बाकीची छोटी. तिथे तो खरंच राजासारखा दिसत होता.

मामांनी फ्रेम उजेडाकडे धरली. गुण्या लावून जॉब बघायचे तशीच. नावाखालून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले,

"शिरोरेघ सरळ आहे. 'वर्षे'मधला पोटफोड्या 'ष' तेवढा जाडा झालाय. बाकी जॉब पास."

तेव्हा मंडळी, रॉयलवाला फॉन्ट मागायला अजूनही या. दार उघडं आहे. फक्त आता माझ्या काही अटी आहेत. तो फॉन्ट नावाला किंवा एखाद्या ओळीला मिळेल, परिच्छेदाला नाही. सगळी कॅपिटल अक्षरं अजिबात नाहीत. अंतर वाढवायचं नाही, आकार लहान करायचा नाही, आणि छापायच्या आधी एक प्रत काढून बघायची. शेवटची अट म्हणजे ज्याचं नाव आहे त्याला न ओळखणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्यायचं. तो अडखळला तर फॉन्ट बदलणार, मग तुम्ही कितीही रुसा.

आणि नाव मराठीत हवं असेल तर थोडा वेळ द्या. माझा 'ष' अजून जाडाच येतोय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी